चकचकीत फिल्टर आणि लाल मांड्यांचे बेडूक

"तू इंडियातून काही घेऊन तर नाही ना आलीस?" असं माझ्या मॅनेजरने विचारलं, तेव्हा माझ्या हातात मेलेला बेडूक होता. मला आधी वाटलं, हा चिवड्याबद्दल विचारतोय. दर वेळी नागपूरहून येताना मी स्टाफरूमसाठी चिवडा आणते आणि त्यातला अर्धा हा एकटाच फस्त करतो. मी म्हटलं, "आणलाय ना, किचनमध्ये ठेवलाय." तर हसून म्हणतो, "नाही, नाही. जर्म्स म्हणतोय मी. इन्फेक्शन. परत आल्यावर हात नीट धुतले होतेस ना?"

हात धुतले होतेस ना! अरे, मी गुरांची डॉक्टर आहे. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं काढलीत मी. हात कसे आणि कुठपर्यंत धुवायचे हे हा मला शिकवणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या देशात येऊन मला एक वाईट सवय लागलीय, राग आला की तोंडातून आधी "सॉरी?" निघतं. तेव्हाही तेवढंच निघालं.

जरा नीट सांगते. माझा नवरा नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, त्याच्या मागोमाग मी आले. माझी पशुवैद्यकाची डिग्री इथे थेट चालत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते, तिचा अभ्यास चालू आहे. तोवर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून शहराबाहेरच्या एका फार्मवर नोकरी धरली. फार्म बेडकांचं. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी "काय करतेस गं तू?" असं विचारलं आणि मी सांगितलं, तर त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला. "म्हणजे ते... खायचे?" "नाही हो काकू, लॅबसाठी. त्यांच्या अंड्यांवर संशोधन करतात." "अस्सं," म्हणाल्या, पण मोदक काही परत उचलला नाही.

आमचे बेडूक आपल्या विहिरीतल्यासारखे नाहीत. मूळचे आफ्रिकेतले, जन्मभर पाण्यातच राहणारे, चपटे, मागच्या पायांना काळी नखं. त्यांना जीभ नसते. खाणं पुढच्या दोन हातांनी तोंडात कोंबतात, शेवटच्या पंगतीला बसलेल्या उपाशी माणसासारखे. मी असायची दोन नंबरच्या खोलीत. तिथे फार्मवरच्या सगळ्यात जुन्या माद्या. त्यांतली एक तर फार्म सुरू झाल्यापासूनची, डाव्या पायाचं एक बोट तुटलेली. तिला मी म्हातारी म्हणायची. टाकीचं झाकण उघडलं की बाकीच्या तळाशी पळायच्या, ही मात्र वर यायची आणि माझं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवायची, किडा दे म्हणून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती एकदा. "बाप्पा! किती कुरूप आहे गं," म्हणाली, आणि मग दर वेळी फोनवर आधी तिचीच चौकशी करायची.

तर भाचीच्या लग्नाला मी नागपूरला गेले होते. रविवारी परत आले आणि घरात शिरले तर फ्रिज असा लखलखीत, जणू शोरूममधून आत्ताच आणलाय. नवऱ्याने मला खूश करायला साफ केला होता. मी उघडून बघते तर विरजणाचं भांडं पालथं घालून ठेवलेलं, घासून चकचकीत. "त्यात काहीतरी आंबट, पिवळं पडलेलं होतं, टाकून दिलं," म्हणाला. ते काहीतरी म्हणजे माझं विरजण! इथे आल्यापासून जपलेलं, थंडीत ओव्हनमध्ये उबेला ठेवून जगवलेलं. मी बॅगा दारातच टाकल्या आणि त्याला धरला. "मेल्या, दिवसभर लोकांना जगवतोस आणि घरी येऊन माझं विरजण मारतोस?" तर तो बापुडा भांडं उजेडात धरून म्हणतो, "अगं पण बघ तरी, किती स्वच्छ झालंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले. दोन नंबरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि काहीतरी बिघडलंय हे टाक्या बघण्याआधीच कळलं, कारण कुठेच हालचाल नव्हती. झाकण उघडलं तर म्हातारी वर आली नाही. तळाशी पाय पसरून पडली होती. तिला हलकेच उलटी केली तर मांड्यांच्या आतली कातडी लाल, बोटांमधल्या पडद्यांवर रक्ताचे बारीक ठिपके. शेजारच्या टाकीत एक मेलेलीच होती. हा बेडकांचा जुना रोग, 'रेड लेग' म्हणतात. त्याचे जंतू गोड्या पाण्यात कुठेही असतात, नदीत असतात, तळ्यात असतात, आमच्या टाक्यांतही बारा महिने असतात. बेडूक धडधाकट असेल तर त्याला काही होत नाही. पण पाणी बिघडून बेडूक खंगला, की हेच जंतू कातडीतून आत शिरतात आणि रक्तात पसरतात. म्हणून हा रोग दिसला की शहाण्या माणसाने पाण्याकडे बघावं. आमच्या मॅनेजरने माझ्या पासपोर्टकडे बघितलं.

मी मेलेला बेडूक ट्रेमध्ये ठेवला आणि त्याला उत्तर न देता टाक्यांच्या मागे फिल्टरकडे गेले. सगळ्या खोलीचं पाणी या फिल्टरमधून फिरतं. त्यात प्लास्टिकच्या जाळीदार गोट्या भरलेल्या असतात आणि त्या गोट्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरलेला असतो. दिसायला किळसवाणा, पण तोच तर खरा कामाचा. त्या थरात चांगले जंतू असतात, बेडकांच्या घाणीतून पाण्यात उतरणारा अमोनिया ते खाऊन टाकतात. हा थर जमायला आठवडेच्या आठवडे लागतात. मी फिल्टरचं झाकण काढलं. गोट्या पांढऱ्याशुभ्र! आणि वास? आपल्या स्विमिंग पूलचा.

मॅनेजर मागोमाग आला होता. "मस्त दिसतोय ना?" म्हणाला. आदल्या आठवड्यात मोठं गिऱ्हाईक फार्म बघायला येणार होतं, म्हणून यांनी डीप क्लीन काढलं होतं. भिंती पुसल्या, नळ्या धुतल्या, तेवढ्याने मन भरेना तेव्हा फिल्टर उघडून गोट्या ब्लीचमध्ये घातल्या आणि ब्रशने घासल्या. "खूप वेळ लागला, पण गिऱ्हाईक जाम इम्प्रेस झालं." मला हसावं की रडावं कळेना. घरी नवरा, इथे हा!

पाणी तपासायचं काम माझं. मी नव्हते तर इतके दिवस कोणी तपासलंच नव्हतं. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. अमोनिया नसला तर पाणी पिवळं राहतं, असला तर हिरवं होतं. आमच्या नळीत पालकाची पातळ भाजी तयार झाली. ती मी त्याच्या नाकासमोर धरली आणि सांगितलं, "हे बघ. तुझ्या फिल्टरमधलं सगळं जिवंत तू मारून टाकलंयस. बेडूक आपल्याच मुतात आठवडाभर पोहतायत. मग रोग नाही होणार तर काय होणार?"

"पण फिल्टर तर स्वच्छ आहे," तो म्हणाला.

मी परत समजावलं. तो मान हलवत राहिला, त्या विशिष्ट इंग्लिश पद्धतीने, ज्यात ऐकत काहीच नसतात. शेवटी म्हणाला, "घाईने निष्कर्ष काढायला नको." घाईने! माझ्या हातांपासून थेट नागपूरच्या जंतूंपर्यंत तो एका सकाळीत पोहोचला होता, ती घाई नव्हती. आणि दुपारी जेवून येते तर खोलीच्या दारावर नोटीस चिकटलेली. परदेशातून परत आलेल्या कर्मचाऱ्यांनी एक आठवडा बेडकांच्या खोल्यांत जाऊ नये. कर्मचारी! फार्मवर माणसं किती, तर तो, मी आणि अजून एक बाई. परदेशातून परत आलेलं कोण, ते काय वर्तमानपत्रात छापायला हवं होतं? नावच घातलं असतं तर निदान सरळपणा तरी दिसला असता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण शुक्रवारी फार्मची व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, येणार होती आणि त्याने ठरवूनही टाकलं होतं, बाहेरून आलेला संसर्ग म्हणून दोन नंबरची अख्खी खोली संपवायची, आजारी आणि धडधाकट सगळ्या, आणि नव्या माद्या आणून भरायच्या. कशात? त्याच टाक्यांत, त्याच मेलेल्या फिल्टरवर! म्हणजे या मरणार माझ्या नावाने, आणि मग नव्या येऊन मरणार. मला झोप लागेना.

ती तिसरी बाई म्हणजे नॉटिंगहॅमची अस्सल. सगळ्यांना 'मी डक' म्हणते, शब्दशः 'माझं बदक', म्हणजे आपल्या 'अगं बाळा'सारखं. बसच्या ड्रायव्हरलाही डक, मलाही डक. फार्मवर मॅनेजरच्याही आधीपासून आहे, रिटायरमेंट तोंडावर आलेली. मला खोलीत जायची बंदी, म्हणून मी तिला दारातून सांगत राहिले, अर्धं पाणी काढ, नवीन भर, खाणं बंद कर, पुन्हा पाणी बदल. तिने केलं सगळं, कुरकुर न करता. मी दाराच्या काचेतून बघायची. पण एकदा मी तिला विचारलं, "पहिला लाल पाय तू कधी बघितलास?" तर तिने बादली उचलली आणि पाठ फिरवली. "मला उगाच फस नको, डक."

फस नको, म्हणे, बोभाटा नको! म्हणजे हिला माहीत होतं. मी परतीच्या विमानात बसायच्या आधीच हिने लाल पाय बघितला होता आणि मॅनेजर डीप क्लीनचं कौतुक करून घेत होता म्हणून ही गप्प बसली. त्याच्यापेक्षा जास्त राग मला तिचा आला. तो मूर्ख होता, पण ही तर माझ्यासोबत रोज डबा खायची, माझ्या हातची भरली वांगी मागून मागून खायची. आता एक वाक्य बोलायचं तर हिच्या तोंडाला कुलूप.

संध्याकाळी आईचा फोन. म्हातारी कशी आहे, विचारलं तिने. मी सगळं ओकून टाकलं. ती ऐकून घेत होती, मग एकदम उसळली, "आणि तू भांडली नाहीस? काहून?" मी म्हटलं, "आई, इथे असं भांडत नाहीत." "तुझीही जीभ गेली का गं, त्या बेडकांसारखी?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. माझी आई कधी आधी फोन ठेवत नाही.

शुक्रवारी व्हेट आली. पांढऱ्या केसांची, चिखलाचे बूट घातलेली, मोजकं बोलणारी. स्टाफरूममध्ये सगळे बसलो. मॅनेजरने सुरुवात केली. क्लीनिंगचा सर्वोच्च दर्जा, गिऱ्हाईकाचं समाधान, आणि मग दुर्दैवाने, कोणालाही दोष न देता, एका सहकाऱ्याचा नुकताच झालेला प्रवास. कोणालाही दोष न देता! हे म्हणताना तो माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की मला त्याच्या तोंडावर चिवडा फेकावासा वाटला. व्हेट मान डोलवत होती. भूल देऊन मारायचं औषध तिने येतानाच सोबत आणलं होतं, तिच्या पायाशी पेटीत होतं.

मी उठले. मला वाटलं होतं मी खूप बोलेन, पण मी फ्रिज उघडला. आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मॅनेजरची एक काचेची बरणी असते, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावलेली. आत आंबवलेलं पीठ. लॉकडाउनपासून जगवलंय त्याने, त्याच्यातलं थोडं घेऊन आंबट पाव करतो आणि आम्हाला कौतुकाने खायला घालतो. सुट्टीवर गेला की त्या डकवाल्या बाईला पिठाला खाऊ घालायची ड्यूटी लावून जातो. मी ती बरणी टेबलावर ठेवली. सिंकखालून ब्लीचची बाटली काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

"घाण वास येतोय हिला," मी म्हटलं. "बुडबुडे आलेत, कडेला थर धरलाय. चकचकीत करून देऊ?" आणि ब्लीचचं झाकण फिरवायला लागले.

तो खुर्चीतून असा उठला की खुर्ची पडली. "अगं, मरेल ते!"

"हो ना? मग दोन नंबरचा फिल्टर कसा नाही मरणार?" आता माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "त्याच्यातपण असंच जिवंत होतं. तू घासून काढलंस, ब्लीच घातलंस. आणि बेडूक मरायला लागले तर माझे हात हुंगतोस? तुझ्या पिठाची एवढी काळजी, आणि त्यांची नाही?"

व्हेटने बरणीकडे बघितलं, मग ब्लीचकडे, आणि म्हणाली, "मला पाणी तपासायचंय." स्वतः जाऊन नळी भरून आणली. इतकं पाणी बदलूनही हिरवा रंग अजून होताच. ती टेबलावर ठेवून तिने विचारलं, "पहिला आजारी बेडूक कधी दिसला?"

मॅनेजर म्हणाला, "सोमवारी. ही आली त्या दिवशी."

मी डकवाल्या बाईकडे बघितलं. ती आपल्या कपातल्या चहाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, बोल बाई, एकदा तरी फस कर. आणि ती कपाशीच बोलल्यासारखी बोलली, "त्याच्या आधीच्या गुरुवारी. दोन होते. ही तेव्हा इथे नव्हती. मी सांगायला हवं होतं, डक." ते शेवटचं मला होतं. तिच्या मानेवर लाली चढली होती. मला तिचा अजूनही राग होता आणि तरी तिला मिठी मारावीशी वाटली.

व्हेटने पेटी टेबलावर ठेवली, पण अख्ख्या खोलीसाठी नाही. धडधाकट होत्या त्या तीन नंबरच्या खोलीत हलवायच्या, तिथला फिल्टर कोणी घासला नव्हता. लालसर होत्या त्यांना औषध. ज्या फुगल्या होत्या, ज्यांच्या अंगात पाणी भरलं होतं, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. म्हातारी त्यांत होती. मी व्हेटला म्हटलं, "तुमची हरकत नसेल तर हिला मी घेते." तिने हरकत घेतली नाही. भुलीच्या पाण्यात सोडताना मी सवयीने बोट पुढे केलं. तिने ते धरलं. किडा नव्हता माझ्याकडे. तिची पकड सुटेपर्यंत मी हात तसाच ठेवला आणि मोठ्याने रडले, सगळ्यांसमोर, सॉरी न म्हणता.

ती काही रोगाने मेली नाही, हे मी आजही म्हणते. एका माणसाला गिऱ्हाईकासमोर चकचकीत दिसायचं होतं, त्यात ती मेली. बाकीच्या बऱ्याच वाचल्या. तीन नंबरच्या फिल्टरमधल्या थोड्या बुळबुळीत गोट्या आणून मी दोन नंबरमध्ये घातल्या, आणि हळूहळू तिथला फिल्टर पुन्हा लागला. घरचं विरजणसुद्धा तसंच आणलं, मोदक खाली ठेवणाऱ्या काकूंकडून.

आणि मॅनेजर? त्याने माफीचा एक शब्द काढला नाही. मीटिंगांमध्ये "आपण सगळे शिकलो" म्हणायला लागला. सगळे! मी काय शिकले? आणि ती नोटीस दारावर तशीच. मी दोनदा म्हटलं, काढ. "जनरल पॉलिसी म्हणून असू दे," म्हणाला, "त्यात पर्सनल काही नाही." रोज त्या दारातून आत जाताना ती माझ्या डोळ्यांत खुपायची.

मग परवा तो स्पेनच्या टेनेरीफ बेटावरून सुट्टी संपवून आला. शॉर्ट्समध्येच, मांड्या उन्हाने लालबुंद, हातात टाकीतली जाळी, शीळ घालत थेट दोन नंबरच्या दाराशी. मी आत होते. मी दारात येऊन उभी राहिले आणि चौकटीला हात आडवा लावला.

"काय झालं?"

मी नोटिशीकडे बोट दाखवलं.

तो हसला. "अगं, मी फक्त बीचवर होतो."

"मी फक्त लग्नात होते."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मागे डकवाली बाई बादली घेऊन थांबली होती, तीही हलली नाही. मी हात काढला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, नोटिशीकडे बघितलं. मग एक कोपरा नखाने सोडवला, दुसरा सोडवला, कागद काढला आणि घडी घालून खिशात टाकला. "तुझ्यामुळे नव्हतं ते," म्हणाला, जमिनीकडे बघत. "मला माहीत होतं." आणि आत यायला पाऊल उचललं.

माहीत होतं! माझा हात आडवाच होता.

"आधी हात धू," मी म्हटलं.

तो सिंककडे गेला. नळ सोडला, साबण घेतला. मी तिथेच उभी राहून बघत होते.

"कोपरापर्यंत," मी म्हटलं.